पहिल्या 50 किलोमीटरसाठी 12 लिटरची रनिंग व्हेस्ट: खानदेशच्या डोंगरात किती कामाची?

42.195 किलोमीटरच्या पुढचं कुठलंही अंतर म्हणजे अल्ट्रा. पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण 50 किलोमीटर निवडतात. रस्त्यावरची मॅरेथॉन झालेली असली की वाटतं, आठच किलोमीटर तर जास्त आहेत. डोंगरवाटेवर हा हिशोब फसतो. रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने पाण्याचं टेबल लागतं, ट्रेलवर दोन टेबलांमध्ये आठ-दहा किलोमीटर सहज जातात आणि मधे चढ असतो. तेवढं पाणी अंगावरच न्यायचं. म्हणून बुटांच्या खालोखाल नीट पारखून घ्यायची वस्तू कुठली असेल, तर ही व्हेस्ट, म्हणजे पाणी आणि खाणं अंगावर घेऊन पळता यावं म्हणून शिवलेली खिशांची बंडी.

हे परीक्षण 12 लिटरच्या, पुढे अर्ध्या-अर्ध्या लिटरचे दोन सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दबणाऱ्या बाटल्या) बसणाऱ्या व्हेस्टचं आहे. ट्रेलचं सामान काढणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे हा आकार मिळतो आणि बांधणीही साधारण सारखीच असते, त्यामुळे एका ब्रँडपेक्षा या प्रकाराबद्दल बोलणं जास्त उपयोगाचं. आणि आधी एक गैरसमज दूर करू: 12 लिटर म्हणजे पाणी नव्हे, सगळ्या खिशांची मिळून जागा. पाणी येतं फक्त एक लिटर, पुढच्या दोन फ्लास्कमध्ये.

निकाल आधीच सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून पहिल्या 50 ची तयारी करणाऱ्याने हाच आकार घ्यावा. 5 लिटरच्या व्हेस्टमध्ये जॅकेट आणि खाणं एकत्र मावत नाही, आणि 20 लिटरची सॅक पळताना पाठीवर आपटते. पण सोबत मिळणाऱ्या एक लिटर पाण्यावर भिस्त ठेवू नका. तिसऱ्या फ्लास्कची किंवा मागे नळी असलेल्या दीड लिटरच्या पाण्याच्या पिशवीची सोय पहिल्या दिवसापासून धरून चाला.

कारण साधं आहे. घामाचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. पळायच्या आधी कमीत कमी कपड्यांवर वजन करा, तासभर पाणी न पिता पळा, अंग पुसून पुन्हा वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. ही मोजणी पहाटे करू नका. शर्यतीत उन्हं चढतात त्या वेळी, नऊ-दहाच्या सुमाराला करा. आता समजा तुमचा आकडा तासाला 800 मिलिलिटर आला. चढाच्या दहा किलोमीटरला नवख्या माणसाला पावणेदोन-दोन तास लागतात, म्हणजे दीड लिटरच्या आसपास घाम. गेलेला सगळा घाम पिऊन भरून काढायची गरज नसते, पण एक लिटरमध्ये हे गणित ऑक्टोबरच्या उन्हात बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तोरणमाळच्या पठारावर तेच एक लिटर पुरून उरतं. त्यामुळे मागची पिशवी महिन्यानुसार लावा किंवा काढा.

पिशवीचे दोन त्रास आधीच माहीत असू द्या. ती भरायची तर मागचं सामान उपसावं लागतं, आणि पाण्याच्या टेबलावर त्यात पाच मिनिटं जातात. दुसरं म्हणजे तिची नळी उन्हात तापते आणि पहिला घोट चटका देतो. पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकललं की हा त्रास बराच कमी होतो. पिशवी भरल्यावर ती उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घ्या, नाहीतर पन्नास किलोमीटर पाठीवर डचमळ ऐकत जावं लागेल. सॉफ्ट फ्लास्कचंही तसंच: हवा काढलेला फ्लास्क पाणी संपेल तसा आक्रसत जातो आणि हलत नाही, हवा राहिलेला फ्लास्क प्रत्येक पावलाला खुळखुळतो.

दुकानात सगळ्यात आधी फ्लास्कचं तोंड बघा. काही फ्लास्क 28 मिलिमीटर तोंडाचे असतात, काही 42 चे. आपल्याकडे मोठंच तोंड हवं. वाटेवरच्या गावातली हापशी काही नळासारखी बारीक धार देत नाही. एका हाताने दांडा मारत दुसऱ्या हातात 28 चा लिबलिबीत फ्लास्क धरला, तर निम्मं पाणी मनगटावरून ओघळतं. ओआरएसची पावडर अरुंद तोंडाच्या ओल्या कडेला चिकटून घट्ट गोळा होते. मोठ्या तोंडातून बर्फाचे खडेही जातात, आणि छातीला चिकटलेल्या फ्लास्कमधलं पाणी तासाभरात कोमट होतं हे लक्षात घेता बर्फ म्हणजे चैन नव्हे. हापशीचं किंवा झऱ्याचं पाणी घ्यायचं असेल तर क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ, साधारण अर्धा तास, थांबा. म्हणजे एका फ्लास्कमधलं पाणी मुरत असताना दुसऱ्यातलं पिता यायला हवं, दोन्ही एकदम रिकामे होऊ देऊ नका.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. एका फ्लास्कमध्ये अर्धंच टाका. पूर्ण पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ओतणं ही फार सर्रास होणारी चूक आहे: पाणी दुप्पट घट्ट होतं, पोटात साचून राहतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो ओआरएस सोसत नाही. अर्धी पाकिटं घरीच छोट्या झिप पिशव्यांत भरून न्या, घामेजल्या हातांनी डोंगरात पावडरचे भाग पडत नाहीत. एका फ्लास्कमध्ये साधं पाणी आणि एकात ओआरएस असेल तर ओआरएसच्या झाकणाखाली रबरबँड लावा, न बघता बोटांना कळतं. दोन्हींतून आलटून पालटून प्या, नाहीतर एक बाजू जड राहून त्या खांद्यावर पट्टा काचतो. आणि ओआरएस म्हणजे खाणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात लिटरमागे ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम, लांब पळताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला लागतात. उरलेली खिशातून आली पाहिजेत.

तर खिसे. पुढचे दोन छोटे, कुशीतले दोन, मागे एक मोठा आणि त्याच्या खाली बोगद्यासारखा एक आडवा खिसा, अशी रचना असेल तर उत्तम. कुशीतल्या खिशाला हात मागे न वळवता पोचता येतं का, ते घालून बघाच. ज्या खिशात हात पोचत नाही त्यातलं खाणं घरी परत येतं, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड व्हायचं ते एक ठरलेलं कारण आहे. आपल्या भागातलं खाणं या खिशांत कसं टिकतं, तर: यावल-रावेरचं केळं खायला उत्तम, मध्यम आकाराच्या एकात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं, पण व्हेस्टमध्ये अर्ध्या तासात त्याचा लगदा होतो. केळी पाण्याच्या टेबलावरच खावी. गुळाची चिक्की उन्हात चिकट होते, एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळला तर चालते. बिया काढलेला खजूर आणि उकडून मीठ लावलेले छोटे बटाटे सगळ्यात बिनत्रासाचे. कळण्याची भाकरी खारट म्हणून घ्यावीशी वाटते, पण ती चावायला लाळ लागते. पहिल्या दोन तासांत, चढ चालत चढताना, ठीक. पुढे तोंड सुकल्यावर ती घशाखाली उतरत नाही.

माप छातीच्या घेरावर ठरतं, उंचीवर किंवा टी-शर्टच्या साइजवर नाही. पळायचा टी-शर्ट घालून, काखेखालून टेप फिरवून, पूर्ण श्वास भरून मोजा. आकडा दोन मापांच्या मधे आला तर लहान घ्या, कारण कापड ताणतं आणि वर्षभरात आणखी सैल पडतं. बायकांच्या मापाची वेगळी व्हेस्ट मिळते ती नुसती लहान नसते. तिच्यात फ्लास्कची जागा आणि पट्ट्यांची उंची वेगळी असते. पुरुषी व्हेस्टमध्ये भरलेला फ्लास्क नेमका छातीवर दाबतो आणि उतारावर दुखतो. रिकामी व्हेस्ट सगळ्यांनाच बसते. म्हणून दुकानात दोन्ही फ्लास्क भरून घ्या, मागे एखादं जॅकेट कोंबा आणि जागेवर वीस उड्या मारा. खांद्यावर उडतेय किंवा फ्लास्कचा तळ बरगडीवर आपटतोय असं वाटलं तर ती ठेवा आणि दुसरी मागा. ऑनलाइन घेणाऱ्याने लेबल न काढता हीच परीक्षा घरात करावी.

छातीवरचे दोन पट्टे हा या व्हेस्टचा कच्चा दुवा. खालचा घट्ट, वरचा दोन बोटं जातील इतका सैल, म्हणजे चढावर श्वास अडत नाही. फ्लास्क रिकामे होतील तसे पट्टे पळता पळता ओढत राहावे लागतात. जे पट्टे उभ्या पट्टीवर हुकाने सरकतात त्यांचा हुक घाईत ओढला की निसटतो, आणि घामाने ओल्या बोटांनी तो पुन्हा बसवणं जिकिरीचं असतं. दोरी ओढून घट्ट होणारी रचना त्या मानाने बरी, पण तिची लोंबणारी टोकं खोचून ठेवावी लागतात.

आता कापड, आणि इथे आपल्या भागाची खास अडचण येते: कुसळ. पावसाळा सरला की पाटणादेवीच्या माळावर काय, लळिंगच्या उतारावर काय, गुडघाभर गवत वाळतं. त्याची कुसळं मोठ्या भोकांच्या जाळीत शिरतात आणि हालचालीबरोबर आत आत सरकतात, कारण त्यांच्या टोकावरचे केस उलट्या दिशेने असतात. जाळीतून आलेलं टोक टी-शर्ट भेदून काखेत टोचायला लागलं की व्हेस्ट काढल्याशिवाय सुटका नाही. ओढून काढताना ते तुटतं. आतल्या बाजूने, टोकाकडून काढायचं. बारीक विणीचं लवचिक कापड थोडं गरम होतं, पण कुसळं बरीच अडवतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शर्यतीसाठी आम्ही बारीक विणीलाच कौल देतो. बुटांवर गेटर (घोट्यावरून बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण) लावले तर मोज्यांचंही तेवढंच रक्षण होतं. बाभळीच्या काट्यापुढे मात्र कुठलंच कापड टिकत नाही.

काचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: गळ्याच्या हाडावर, काखेच्या कडेला, खालच्या पट्ट्याखाली आणि कमरेच्या वर. आतून बोट फिरवून शिवण लागते का बघा. शर्यतीच्या सकाळी या चारही जागी पेट्रोलियम जेली चोळा, आणि चार तासांनी पुन्हा, कारण सुकलेल्या घामाचं मीठ घासायला लागतं. ओलं उपरणं मानेवर टाकायचं असेल तर ते व्हेस्टच्या कॉलरच्या वर राहील असं दुमडा. खाली गेलं की मान सोलवटते.

मागच्या मोठ्या खिशात आयोजकांनी सक्तीचं केलेलं सामान जातं: जॅकेट, हेडलॅम्प, इमर्जन्सी ब्लँकेट, बँडेज. सगळं झिप पिशवीत, कारण पाठीच्या घामाने तो खिसा आतून पूर्ण भिजतो. शिट्टी छातीच्या पट्ट्यावर असायला हवी, मागच्या खिशातली शिट्टी पडल्यावर हाताला लागत नाही. वेदनाशामक गोळ्या खिशात ठेवायची सवय अनेकांना असते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात, त्या घरीच ठेवा. उलट दिशेचीही चूक होते: पाणी आहे म्हणून पीत राहायचं. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, डोकं दुखतंय, मळमळतंय आणि पोटात पाणी हलतंय, तर साधं पाणी थांबवून वैद्यकीय मदतीच्या टेबलापाशी जाऊन सांगा.

सरावाला धुळेकरांनी लळिंगचा किल्ला भरलेल्या व्हेस्टने चढावा-उतरावा. दोष चढावर कळत नाहीत, मुरमाच्या उतारावर कळतात, आणि पाय घसरला तर दोन्ही हात मोकळे असणं ही हातातल्या बाटलीपेक्षा व्हेस्टची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पाल, यावल आणि पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि अंधारात पळू नये. पावसात काळ्या मातीच्या पांदीतून तर जाऊच नका. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि त्या तालात व्हेस्ट बसतेय की नाही हे कळणारच नाही.

किंमत चार आकडी रकमेपासून पंधरा हजारांच्या आसपास जाते. महागड्या व्हेस्टमध्ये कापड हलकं आणि शिवण सपाट मिळते, पाणी तेवढंच मावतं. पैसे मोजकेच असतील तर साधी व्हेस्ट घ्या आणि मोठ्या तोंडाचे चांगले फ्लास्क वेगळे घ्या. तुटलेला पट्टा बॅगा शिवणारा कारागीर शिवून देतो, फ्लास्कच्या तोंडाचं, चावून पाणी ओढायचं रबर मात्र कुणी दुरुस्त करत नाही. त्या मापाचं रबर सुटं मिळतं का, हे बिल करण्याआधी विचारा.

धुताना थंड पाणी, साधा साबण, हाताने. मशीन आणि इस्त्री नको, उन्हात वाळत घालू नका, इलॅस्टिक मरतं. फ्लास्कमध्ये गोड पेय राहिलं तर दोन दिवसांत काळे ठिपके धरतात. कोमट पाण्याने धुऊन, आत कागदी रुमालाची गुंडाळी सरकवून तोंड उघडं ठेवून वाळवा. वाळवायला वेळ नसेल तर झटकून फ्रीजरमध्ये ठेवून द्या, पुढच्या रविवारपर्यंत बुरशी धरत नाही.