डिजिटल अल्कलिनिटी मीटर: 9 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, मोजणारा हा मीटर माझ्याकडे येऊन 9 महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर ‘छान आहे, घ्या’ एवढं लिहून मोकळी झाले असते. पण सहाव्या महिन्यात माझ्या रीफ टँकमधले (खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या टाकीतले) प्रवाळ अचानक ढासळायला लागले. हे हातभर नसलेलं यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते मला त्या दिवसांत कळलं.

आधी टँकबद्दल. संप (मुख्य टँकला जोडलेली पाणी गाळायची टाकी) धरून साधारण 300 लिटर पाणी. वर ॲक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा, मधल्या खडकावर एक मोठा हॅमर (हे तिन्ही कठीण प्रवाळ), तळाशी झोअँथिड आणि मशरूम हे सांगाडा न बांधणारे मऊ प्रकार. कठीण प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेतात. मोकळ्या समुद्रात अल्कलिनिटी सुमारे 7 डीकेएच (हे तिचं एकक) असते, घरच्या टँकमध्ये बहुतेक जण 7 ते 11 मध्ये कुठेतरी ठेवतात. माझी 8.2 आहे. टँक दिवसाला साधारण 1.6 डीकेएच खातो, म्हणजे भर घातली नाही तर दोन दिवसांत घसरगुंडी. ती भर डोसिंग पंप (ठरल्या वेळी मोजून द्रावण सोडणारा छोटा पंप) घालतो: सोडियम कार्बोनेटचं द्रावण, दिवसाला 90 मिली, 12 हप्त्यांत 7.5 मिली प्रमाणे.

पूर्वी मी थेंबांच्या किटवर मोजायची. थेंब टाकत जायचं आणि रंग पालटायची वाट बघायची. रंग नेमका कितव्या थेंबाला पालटला, यावर संध्याकाळच्या दिव्यात माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही. मीटरमध्ये ती भानगड नाही. बाटलीत टँकचं 10 मिली पाणी घ्यायचं, मीटरला शून्य दाखवायचं, सिरिंजने 1 मिली द्रावण घालायचं, बाटली चार-पाच वेळा अलगद उलटी-सुलटी करायची आणि आकडा वाचायचा. दोन मिनिटांचं काम. त्यामुळे आठवड्यातून एकदा होणारी मोजणी रोजची झाली, आणि माझ्या मते मीटरचा खरा फायदा हाच.

खोडी आहेत. बाटलीच्या काचेवर बोटाचा ठसा राहिला की आकडा फिरतो. सिरिंजच्या टोकाशी मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी द्रावण कमी पडतं. सुरुवातीला एकाच भांड्यातलं पाणी दोनदा मोजून मला 8.0 आणि 8.4 असे आकडे मिळाले. पुस्तिका वाचली तर अचूकताच पाच टक्के इकडे-तिकडे अशी दिलेली, म्हणजे आठच्या आसपास 0.4 चा फरक यंत्राच्या हद्दीतलाच. तेव्हापासून एका आकड्यावर मी काही ठरवत नाही, तीन दिवसांचा कल बघते. द्रावणाच्या बाटलीवरची मुदत मात्र पाळायलाच हवी. ती उलटलेली बाटली मी आता मोजायला वापरत नाही.

आता सहावा महिना. एका सकाळी निळ्या ॲक्रोपोराच्या बुडाशी नखाएवढा पांढरा पट्टा दिसला. दुसऱ्या दिवशी तो दोन बोटं वर चढला होता. शेजारच्या हिरव्या ॲक्रोपोराची टोकं करपल्यासारखी झाली, हॅमर अर्धाच उघडू लागला. मी भिंग घेऊन काचेला नाक लावून बसले. इथे एक फरक डोळ्यांनी ओळखता यायला हवा. प्रवाळ ‘ब्लीच’ होतो तेव्हा त्याच्या पेशींमधलं शैवाल जातं, पण कातडी जागेवर असते. ती काचेसारखी पारदर्शक दिसते, पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) अजून हलताना दिसतात. माझ्याकडे तसं नव्हतं. कातडी कडेने सुटून तिची लक्तरं पाण्यात तरंगत होती आणि खाली कोरा सांगाडा. ही पेशी मरण्याची खूण. ब्लीच झालेल्या प्रवाळाला सावलीत हलवून वाट बघता येते, इथे तेवढा वेळ नव्हता.

मीटर काढला. 8.2. रोजच्यासारखाच.

आणि मी तिथेच फसले. अल्कलिनिटी ठीक आहे म्हणजे कारण दुसरीकडे, असं मनाने घेतलं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर तपासला (शुद्ध पाण्यावर शून्य लावून निर्धास्त राहू नका, वरच्या पट्ट्यात तो चुकीचं दाखवू शकतो), क्षारता 35. तापमान 25.5. कॅल्शियम 430, मॅग्नेशियम 1320. टँकमध्ये घालायच्या आरओ-डीआय (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. लाटा करणाऱ्या पंपांचे चुंबक काढून पाहिले, कुठे गंज नाही. गोगलगायी आणि झिंगे मजेत फिरत होते, म्हणजे तांबं पाण्यात उतरलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण तांब्याने आधी तेच जातात. नायट्रेट 1 आणि फॉस्फेट 0.02, दोन्ही जरा कमीच. एवढीच काय ती शंकेची जागा.

तोवर मी एक गोष्ट नोंदवलीच नव्हती: आजारी कोण आणि धडधाकट कोण. एकच प्रवाळ बिघडला तर कारण त्याच्यापाशी शोधायचं. कीड, शेजाऱ्याचा डंख, प्रकाश, पाण्याचा झोत. दूरदूरचे अनेक एकाच आठवड्यात बिघडले तर कारण पाण्यात. माझे टँकच्या दोन टोकांचे ॲक्रोपोरा एकदम बिघडले होते, मशरूम आणि झोअँथिड मात्र ताजेतवाने. वेगाने सांगाडा बांधणारेच आजारी! एवढ्यावरूनच मी अल्कलिनिटीकडे परत यायला हवं होतं. पण मी किडीच्या मागे लागले. ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे बुडाशी पिवळट-तपकिरी अंडी घालतात आणि कातडीवर गोल फिकट चावे दिसतात. एक फांदी औषधी पाण्यात बुडवून हलवली, खाली काहीच पडलं नाही. काही जीव रात्रीच बाहेर पडतात म्हणून मध्यरात्री टॉर्च घेऊन बसायचं ठरवलं.

कीड सापडली नाही. साडेबाराच्या सुमाराला पीएचच्या पडद्याकडे सहज नजर गेली. 8.2. रात्री दिवे गेले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळ्यांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो. माझा टँक त्या वेळी 7.9 ला असतो. मागचा आलेख उघडला, तर बरोबर बाराच्या ठोक्याला सरळ उभी चढण. रोज. गेले 11 दिवस.

लगेच मीटरने मोजलं. 9.7. बाटली पुसून, बुडबुडा काढून पुन्हा मोजलं. 9.8. शेवटी जुनं थेंबांचं किट काढलं, तेही त्याच आसपास. मग पंपाचं वेळापत्रक पाहिलं. 12 हप्ते गायब. वीज जाऊन आल्यावर पंपाने स्वतःचं मूळ वेळापत्रक लावून घेतलं होतं: पूर्ण 90 मिली, एकदाच, रात्री बाराला. दिवसाचं एकूण प्रमाण तेच राहिल्यामुळे बाटली नेहमीच्याच वेगाने उतरत होती आणि मला काही जाणवलं नाही.

पुढचे 24 तास मी ठरवून मोजलं, मध्ये पंपाला हात लावला नाही. सकाळी सहाला 9.4, दुपारी बाराला 9.0, संध्याकाळी सहाला 8.4, रात्री नऊला 8.2. आणि मी गेले सहा महिने रोज मोजत होते ते रात्री नऊलाच. ‘रोज ठरावीक वेळी मोजा’ हा सल्ला कल बघायला योग्य आहे, पण त्या एका वेळेच्या मागे दीड डीकेएचची रोजची उसळी आरामात लपून बसली. मीटर खोटं बोलला नव्हता. मी त्याला चुकीच्या तासाला विचारत होते.

उपाय साधा होता: पुन्हा 12 हप्ते. त्यापलीकडे मी मुद्दाम थोडंच केलं. घाबरून मोठं पाणी बदलणं, दिवे कमी करणं, नवं मीठ, सगळं एकदम केलं असतं तर आणखी एक धक्का बसला असता. सक्रिय कार्बन बदलला. निळ्या ॲक्रोपोराच्या तीन फांद्या पांढऱ्या रेषेच्या बऱ्याच वरून तोडून वेगळ्या चकत्यांवर चिकटवल्या, कारण रेष चढतच राहिली तर अख्खी वसाहत जाते. माशांचं खाणं किंचित वाढवलं आणि फॉस्फेट हळूहळू 0.06 पर्यंत आणलं. पोषण कमी असलेल्या पाण्यात अल्कलिनिटीची उडी जास्त झोंबते, करपलेल्या टोकांमध्ये त्याचाही वाटा असणार असं मला वाटतं.

चौथ्या दिवशी रेष थांबली. हॅमरला पूर्ण उघडायला दोन आठवडे लागले. मूळची निळी वसाहत अर्ध्याहून जास्त गेली. ते बघताना फार वाईट वाटायचं, चार वर्षांपूर्वी बोटाएवढी फांदी आणली होती मी. तिच्या तीनपैकी दोन तुकड्यांनी चकतीवर बूड पसरलं आहे.

मीटर घ्यावा का? झपाट्याने वाढणारे कठीण प्रवाळ असतील तर नक्की घ्या. नुसते मशरूम आणि झोअँथिड असतील तर नियमित पाणी बदलणं आणि थेंबांचं किट पुरतं. घेतलात तर पहिल्याच आठवड्यात एकदा दर तीन तासांनी पूर्ण 24 तास मोजा. द्रावण बरंच खर्च होतं, होऊ द्या. वीज जाऊन आली, पंपाची नळी बदलली किंवा डोस बदलला की मी ती मोजणी पुन्हा करते. पंपाच्या डोक्यातली नळी वापराने सैल होते आणि 7.5 चे 6 मिली कधी होतात ते कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मापाच्या नळकांड्यात एक हप्ता सोडून बघते. मागच्या वेळी 7.1 आला, नवी नळी आणून ठेवली आहे.