लेकरांचे इंग्रजी शब्द वाढवायचेत: स्पेलिंग पाठांतर, फोनिक्सचा क्लास, मोबाईल, कार्डं का गोष्टी?

परवा परभणीहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, लेकरू दुसरीत गेलं तरी इंग्रजीचं पुस्तक उघडलं की गप बसायलंय. इथल्या सगळ्या बाया फोनिक्स लावायल्यात, 6000 रुपये म्हणतेत, भरू का?" फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवायची पद्धत. मी तिला लगेच हो पण म्हणलं नाही अन् नको पण म्हणलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर लेकराचं नेमकं कुठं अडलंय त्यावर आहे. माझी पोरगी तिसरीत आहे, सेमीत, अंबाजोगाईत आमच्या ओसरीवर संध्याकाळी गल्लीतली सात-आठ लेकरं बसतात, त्यामुळं तीन वर्षांत मी यातलं जवळपास सगळंच करून बघितलंय. नणंदेला फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहिते, पहिली ते तिसरीच्या लेकरांच्या आईबापांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट. शब्द येणं म्हणजे चार वेगवेगळी कामं असतात: ऐकून कळणं, तोंडानं बोलता येणं, बघून वाचता येणं आणि स्पेलिंग लिहिता येणं. कुठलीच पद्धत ही चारही कामं सारखी करत नाही, आणि क्लासवाले बोलताना ही चारी एकत्र करून सांगतात तिथं आपली फसगत होते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी एबीसीडी गिरवली तेव्हा आपल्याला चार वर्षं मराठी वाचायची सवय झालेली होती, त्या बळावर स्पेलिंग पाठ करणं कसंबसं निभलं. पहिलीतल्या लेकराला अजून क, ख धड जुळेना गेलंय, त्याला तीच पद्धत लावली की ते घाबरतंच.

तर पहिलं पाठांतर. रोज 10 शब्द, वहीत पाच-पाच वेळा लिहायचे, शनिवारी डिक्टेशन. याला पैसे लागत नाहीत, आईला इंग्रजी यावंच लागतं असंही नाही, आणि शाळेच्या चाचणीत मार्क पडतात, हे खरंय, मी ते नाकारत नाही. पण आमच्या ओसरीवरची एक पोरगी, दुसरीतली, ई एल ई पी एच ए एन टी एलिफंट, एलिफंट म्हंजी हत्ती, असं एका दमात म्हणायची. मी चित्रांचं पुस्तक पुढं ठेवलं अन् विचारलं, व्हेअर इज द एलिफंट? ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हत्ती तिच्या बोटाखाली होता. तिला एलिफंट येत होतं, व्हेअर कधीच कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या लांब ओळीच्या बाहेर सुटा एलिफंट तिला ऐकूही आला नव्हता. जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीलाच निसटतं, मग हळूहळू. त्यानं त्यासाठी मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं घेतली होती. आपल्या लेकराला ज्या शब्दाचा अर्थ लागलेला नाही तो शब्द त्याच्यासाठी तसलाच असतो, म्हणून शनिवारी 10 पैकी 10 अन् पुढच्या शनिवारी तेच विचारले तर तीन. माझं मत, स्पेलिंग लिहिणं तिसरीपासून आणि तेही जो शब्द लेकरू आधीच बोलतंय त्याचंच.

फोनिक्स. सगळीकडं बोर्ड लागलेत, लातूर-नांदेडला तर आहेतच पण आता तालुक्याला पण आलेत. यात अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवतात. बी ला बी म्हणायचं नाही, ब म्हणायचं. इंग्रजीत अक्षरं 26 अन् आवाज साधारण 44, त्यामुळं ज्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे त्या लेकरांना पण ही पद्धत लागतेच. जॉली फोनिक्स नावाच्या पद्धतीत 42 आवाज असतात आणि सुरुवात एबीसीनं होत नाही, एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी होते, कारण एवढ्यातच टॅप, पिन, सिट, नॅप असे बरेच शब्द जुळतात. हे चांगलंच आहे. आणि आपल्या लेकरांना यात एक मोठा फायदा आहे जो कुणी सांगत नाही: बाराखडी येणाऱ्या लेकराला आवाज जोडणं नवीन नसतं, आपली लिपीच आवाजाची आहे, त्यामुळं ज्याचं मराठी वाचन पक्कं झालंय त्याला हे आवाज दोन-तीन महिन्यांत बसताना मी बघितलेत, वर्षभराचा कोर्स लागला नाही. अडतं ते ठरावीक ठिकाणी. व्हॅनचा व्ह अन् विंडोचा व आपल्याला एकच वाटतो, थ्री चा थ जिभेचं टोक दाताला लावून येतो, तेवढं समोर बसून तोंड दाखवून करून घ्यावं लागतं.

पण फोनिक्सनं शब्द वाचता येतात, शब्द वाढत नाहीत. हेच नणंदेला सांगायचं होतं. क्लासला जाणारा एक पोरगा माझ्यासमोर हेन, डेन, नॅप, मॅट सरसर वाचून गेला, एकाचाही अर्थ सांगता आला नाही, आणि आईला वाटायलं की पोरगा इंग्रजी शिकला. शिवाय वॉज, सेड, वन, हे रोजचे शब्द आवाजाच्या नियमात नीट बसतच नाहीत, ते बघून बघूनच ओळखावे लागतात. अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी 1936 मध्ये लहान लेकरांच्या पुस्तकांत सारख्या येणाऱ्या 220 शब्दांची यादी केली, त्यात एकही नाम नाही, नामांची 95 शब्दांची यादी त्यांनी वेगळी ठेवली. आता आपल्या घरातला भिंतीवरचा चार्ट बघा. फळं, भाज्या, प्राणी, रंग. नुसती नावंच. गो, कम, अंडर, व्हेअर, बिग, गिव्ह हे कुठल्याच चार्टवर नसतात आणि वाक्य तर त्यांच्यावाचून होतच नाही.

चार्टचा विषय निघालाच आहे तर, ती फळं पण कुठली असतात? पीच, किवी, स्ट्रॉबेरी. मी पीच दाखवलं तर एक पोरगा म्हणला, "काकू, पीच म्हंजी क्रिकेटचं." त्याचं काय चुकलं, त्यानं बघितलंय ते तेच. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, ज्याला बीडचं सीताफळ म्हणून 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते कस्टर्ड ॲपल आहे हे त्याला सांगितल्यावर तो शब्द त्यानं घरी जाऊन आजीला पण शिकवला.

मोबाईल. गाण्यांच्या व्हिडिओनं उच्चार कानावर पडतो, एवढंच. लेकरू सगळं गाणं म्हणतं पण त्यातला सुटा शब्द विचारला की गप, कारण व्हिडिओ त्याला काही विचारत नाही अन् उत्तराची वाट बघत नाही. त्यापेक्षा ज्या ॲपमध्ये लेकराला मोठ्यानं वाचावं लागतं ते बरं, जसं गूगलचं रीड अलाँग, जे 2019 मध्ये बोलो नावानं आलं होतं, लेकरू वाचतं अन् ते ऐकून चुकलेला शब्द सांगतं. बालभारतीच्या पुस्तकावर जे क्यूआर कोड असतात ते सरकारच्या दीक्षा ॲपवर घेऊन जातात, तेही फुकट आहे, आणि पुस्तकाशी जुळलेलं आहे. पण आमच्याकडची खरी अडचण वेगळी. घरात चांगला फोन एकच, तो बापाबरोबर शेतात, बाप येतो आठला, तोवर लेकराच्या डोळ्यात झोप. म्हणून मोबाईलवर सगळी भिस्त ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दहा मिनिटं, जवळ बसून, एवढं पुरे.

आता कार्डं, अन् यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त फरक मला इथं दिसला. विकतची फ्लॅश कार्डं घेऊ नका. लग्नसराई झाली की घरात पत्रिकांचा ढीग असतो, त्या जाड कागदाचे पत्त्याएवढे तुकडे कापा. एका बाजूला लेकरानं स्वतः चित्र काढायचं, दुसऱ्या बाजूला आपण शब्द लिहायचा. चित्र वाकडं असलं तरी चालतं, काढताना जो वेळ जातो त्यात शब्द मुरतो. मग मिठाईचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठा लावून तीन कप्पे करा. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. चित्र बघून शब्द बरोबर सांगितला की कार्ड दुसऱ्यात, तो दिवसाआड. तिथंही आला की तिसऱ्यात, तो फक्त बाजारच्या दिवशी. चुकला की कार्ड परत पहिल्यात, रागावायचं नाही, नुसतं कार्ड मागं येतं. ही कल्पना सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं 1972 मध्ये मांडली, त्याच्या खोक्यात पाच कप्पे होते, लहान लेकरांना तीन बस होतात. रोज नवीन कार्डं चार, फार तर पाच. दहा नकोच.

आणि सुरुवात कुठून करायची तर जे शब्द लेकराच्या तोंडात आधीच आहेत तिथून. एका संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसून घरातले, शेतातले इंग्रजी शब्द मोजले: बकेट, ग्लास, प्लेट, कुकर, स्विच, चार्जर, बॅग, टॉवेल, ब्रश, मोटर, स्टार्टर, पाईप, व्हॉल्व्ह, ड्रिप, टँकर, ट्रॅक्टर, ट्रॉली. साठच्या वर गेले! लेकरांना आनंद झाला की आपल्याला एवढं इंग्रजी येतंय. फक्त काही ठिकाणी आपला अर्थ वेगळा झालाय ते सांगावं लागतं, आपली बॅटरी म्हणजे तिकडचा टॉर्च, लाईट गेली म्हणजे पॉवर गेली, आणि आपलं चहाचं हॉटेल हे त्यांचं हॉटेल नाही. हे शब्द ओळखीचे असल्यामुळं लेकराचं सगळं लक्ष अक्षरांवर राहतं, अर्थाचं ओझं नसतं. त्यानंतर क्रियापदं घ्या, आणि ती अंगानं करून घ्या. जंप म्हणलं की उडी, सिट म्हणलं की बसायचं, पुट द ग्लास अंडर द टेबल म्हणलं की ग्लास तिथं. अमेरिकेतल्या जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात हीच गोष्ट पद्धत म्हणून मांडली, आधी ऐकून अंगानं करू द्या, बोलायची घाई नको. लाजणारी लेकरं यात सगळ्यात आधी खुलतात.

अजून एक. आमच्या गल्लीतली दोन भावंडं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने शाळाच नाही. क्लास त्यांच्या काय कामाचा? कार्डांचं पुडकं मात्र रबर लावून पिशवीत गेलं अन् फडावर मोठीनं धाकट्याला विचारलं. परत आले तेव्हा बरेचसे शब्द शाबूत होते.

राहिल्या गोष्टी. कार्डांनी शब्द सुटे येतात, ते वाक्यात कसे वावरतात हे गोष्टीतच कळतं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट 2015 पासून आहे, फुकट, मराठी-इंग्रजी दोन्हीत, चार पातळ्यांत, पहिली-दुसरीला लेव्हल 1 घ्या. माझी पद्धत अशी: पहिल्या दिवशी गोष्ट मराठीत, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत, चित्रावर बोट ठेवून. मध्ये फक्त तीनच शब्दांवर थांबायचं, प्रत्येक शब्दाला थांबलं की गोष्ट मरते. आठवडाभर तीच गोष्ट वाचली तरी लेकरं कंटाळत नाहीत, आपणच कंटाळतो. ज्या आयांना वाटतं की आपला उच्चार चुकेल त्यांच्यासाठी तिथं ऐकत ऐकत वाचायच्या गोष्टी पण आहेत, आधी आपण दोनदा ऐकून घ्यायचं. याला वेळ लागतो, महिनाभरात मार्क वाढलेले दिसत नाहीत, हे पण मान्य करते.

मग निवड कशी? लेकराला अर्थ कळतोय, बोलतंय, पण वाचताना अडखळतंय, तर फोनिक्स, आणि तेही घरी जमत नसेल तरच क्लास. वाचतंय पण कळेना गेलंय, तर क्लासनं काही होणार नाही, गोष्टी अन् कार्डं. दोन्हीही नाही, म्हणजे नणंदेच्या पोरासारखं, तर आधी मराठी वाचन तपासा. तेच कच्चं असेल तर इंग्रजीचं वाचन जरा थांबू द्या, कानानं अन् अंगानं शब्द वाढू द्या. तुमच्याजवळ रोज फक्त अर्धा तास असेल तर दहा मिनिटं खोका अन् वीस मिनिटं गोष्ट, मी तरी हेच निवडीन.

क्लास लावायचाच झाला तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. एका बॅचला किती लेकरं? आवाज शिकवल्यावर शब्दाचा अर्थ अन् वाक्य घेता का? अन् एक दिवस मागं बसून बघू द्याल का? नणंद काल विचारून आली. बॅचला 35 लेकरं आहेत म्हणाले, अन् बसू देत नाहीत म्हणाले. ती तशीच परत आली, आणि संध्याकाळी मला विचारत होती, वहिनी, मिठाईचा खोका अर्ध्या किलोचा चालतो का एक किलोचा लागतो. अर्ध्या किलोचा चालतो.