निवासी विधी विद्यापीठ की जिल्ह्याचे लॉ कॉलेज?

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देऊन पाच वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमाला जावे, की पदवीनंतर सीईटी देऊन जिल्ह्याच्या लॉ कॉलेजात तीन वर्षे काढावीत, हा निर्णय मी एकदा स्वतःसाठी आणि पुढे धाकट्या भावासाठी घेतला. दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले: मी निवासी विद्यापीठात गेलो, भाऊ जिल्ह्याच्या कॉलेजात. आज आम्ही दोघेही यवतमाळ जिल्ह्यातील एकाच तालुका न्यायालयात वकिली करतो.

शुल्क आणि वसतिगृहाचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. माझ्या मते खरा फरक शिकवणारा कशासाठी शिकवतो यात आहे. माझे प्राध्यापक पूर्णवेळ होते. शोधनिबंध आणि पदोन्नती त्यांच्याही मागे होतीच, तरी निकालपत्रातील अल्पमत, म्हणजे असहमत न्यायाधीशाचे मत, उलगडताना त्यांना तास संपल्याचे भान राहत नसे, आणि तेव्हा लागलेली वाचनाची शिस्त मला अजून पुरते आहे. भावाला शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावरचे वकील होते. तेवढ्या मानधनासाठी कोणी येत नसावे. बारमध्ये, म्हणजे वकील मंडळींत, मान राहतो आणि वर्गातूनच एखादा चांगला ज्युनिअर हेरता येतो, हे कारण अधिक खरे वाटते. विद्यार्थ्यांचेही तसेच. माझ्या वर्गाचे डोळे मुंबई-दिल्लीच्या फर्मकडे लागलेले असत. भावाच्या वर्गात शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादापायी ज्यांचे वडील वर्षानुवर्षे तारखा करत होते, अशी मुले होती.

मला खरे खटकले ते इंटर्नशिपचे. बार कौन्सिलच्या नियमानुसार ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक करता येत नाही. सुट्टीत मी गावाकडच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे बसत असे. वाटणीच्या एका दाव्यात सातबारा आणि फेरफाराच्या नकला मीच क्रमाने लावल्या, वादीच्या सरतपासणीचे, म्हणजे त्याने स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीचे, शपथपत्र वाचले, आणि उलटतपासणीची तारीख पडली ती माझी सुट्टी संपल्यानंतरची. पुढच्या सुट्टीत आलो, तोवर तो साक्षीदार तपासून झाला होता. नंतरही दरवेळी असेच काहीतरी होत गेले, आणि एकही साक्ष पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत न ऐकता मी सनद घेतली. भाऊ मात्र सकाळचे तास आटोपून दुपारच्या सत्रात न्यायालयाच्या मागच्या बाकावर जाऊन बसे. सरतपासणीत सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा, प्रश्न चालत नाही आणि उलटतपासणीत चालतो, हे मी पुस्तकात वाचले. त्याने सकाळी ज्यांच्याकडून ते ऐकले, त्याच सरांना दुपारी त्यावर हरकत घेताना पाहिले. विदर्भातल्या गावांचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांच्या आणि वहिवाटींच्या नोंदी, कशा वाचायच्या, हेही मला पुढे त्यानेच दाखवले.

अर्थात फर्म किंवा संशोधन हेच ध्येय असेल, तर निवासी संस्थेला तोड नाही, आणि २०१६ पासून नागपुरातच राष्ट्रीय विधी विद्यापीठ असल्याने त्यासाठी फार दूरही जावे लागत नाही. न्यायाधीश व्हायचे असणाऱ्यांनी मात्र २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात घ्यावा: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली आता पुन्हा आवश्यक आहे. ती करायला चांगला सीनिअर लागतो, आणि जिल्ह्याच्या कॉलेजात तो बहुधा वर्गातच भेटतो.

तिथे प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. सरांची तारीख लागली की बुडालेला तास भरून निघतो का, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची पुस्तके ग्रंथालयात आली आहेत का. भावाच्या कॉलेजात गेल्या वर्षीपर्यंत कपाटात जुनी दंड संहिताच होती.