जँगो अ‍ॅडमिन: आत पाच तारे, दारात अडीच

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचं अ‍ॅडमिन, म्हणजे डेटा भरायचं तयार पान, मी सहा वर्षं वापरतेय, आणि आत गेल्यावर त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मॉडेल (डेटाचा साचा) रजिस्टर केलं की याद्या, फॉर्म, कोणी काय बदललं याची नोंद, सगळं आयतं. जँगो मुळात एका वृत्तपत्राच्या वेब विभागात घडलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातम्या भरणाऱ्यांना प्रोग्रॅमरच्या मागे लागावं लागू नये, ही त्यामागची गरज अजूनही जाणवते.

तक्रार आहे ती दाराची.

नव्या प्रोजेक्टसाठी मी सुरुवातीचा डेटा भरणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, त्यातच अ‍ॅडमिन युजरही बनवला. लॉगिन केलं तर लाल ओळ: स्टाफ खात्याचं योग्य युजरनेम आणि पासवर्ड टाका, दोन्हींत लहान-मोठ्या (कॅपिटल) अक्षरांचा फरक पडू शकतो. झालं, मी कॅप्स लॉकच्या मागे लागले. पासवर्ड चुकला, युजरच नाही, खातं बंद आहे, खातं चालू आहे पण स्टाफ नाही (म्हणजे अ‍ॅडमिनमध्ये जायची परवानगी नाही), या चारही वेळा ही एकच ओळ येते. चोराला काही कळू नये म्हणून हे बरोबरच आहे. पण इथे घराची मालकीणच बाहेर उभी होती.

शेवटी जँगोचा शेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडला. चेक_पासवर्ड म्हणतंय फॉल्स. युजरचा पासवर्ड छापून बघितला, तर पीबीकेडीएफ२ने सुरू होणारा लांबलचक हॅश (पासवर्डचं उलगडता न येणारं रूप) दिसायच्या जागी माझा पासवर्ड जसाच्या तसा! स्क्रिप्टमध्ये मी साधं क्रिएट वापरलं होतं. ते हॅश करत नाही, क्रिएट_यूजर करतं. सेट_पासवर्ड केलं, सेव्ह विसरले, पुन्हा केलं. तरीही तीच लाल ओळ. आता इज_स्टाफ फॉल्स होतं. एका आजारामागे दुसरा लपलेला, आणि लक्षण दोघांचं एकच. सरळ क्रिएटसुपरयूजर कमांड चालवली असती तर यातलं काहीच झालं नसतं, हे कबूल. (ती कमांड पासवर्ड टाइप करताना एक ठिपकासुद्धा दाखवत नाही. आमच्या नव्या मुलाने त्यावरून कीबोर्ड बदलायला काढला होता.)

याहून छळलं ते चाचणीच्या सर्व्हरने. तिथे लाल ओळसुद्धा नाही. बरोबर पासवर्ड टाकला की लॉगिनचं पान नुसतं परत समोर. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ३०२ (दुसऱ्या पानावर पाठवल्याचा कोड) दिसत होता, म्हणजे जँगोने मला आत घेतलं होतं. सेशन_कुकी_सिक्युअर (लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी फक्त एचटीटीपीएसवर चालू द्या, अशी सेटिंग) मी लाइव्हच्या सेटिंगमधून ट्रू असं उचलून आणलेलं, आणि हा सर्व्हर साध्या एचटीटीपीवर. ब्राउझरने कुकी ठेवलीच नाही, त्यामुळे पुढच्या विनंतीला मी पुन्हा परकी. अर्धा दिवस गेला.

त्यामानाने सीएसआरएफचा, म्हणजे परक्या साइटवरून आलेला फॉर्म अडवणाऱ्या संरक्षणाचा, ४०३ नकार सभ्य म्हणायचा. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर कारण सांगतो तरी. जँगो ४.० पासून सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये (विश्वासू पत्त्यांच्या यादीत) डोमेनच्या आधी एचटीटीपीएससुद्धा लिहावं लागतं. जुन्या प्रोजेक्टची सेटिंग तशीच उचललीत तर प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) हमखास अडकाल.

ज्यांच्याकडे पासवर्डच हरवलाय त्यांच्यासाठी चेंजपासवर्ड कमांड आहे आणि ती निमूट काम करते. त्याचा अर्धा तारा मी वरच्या अडीचमध्येच धरलाय.

माझी मागणी एवढीच: पानावर काही सांगू नका, पण डीबग चालू असताना टर्मिनलवर तरी छापा की पासवर्ड चुकला की स्टाफची खूण राहिली. तोवर मॉनिटरच्या कडेला माझी चिठ्ठी आहे: चेक_पासवर्ड, इज_अ‍ॅक्टिव्ह, इज_स्टाफ. आणि त्याखाली, मोठ्या अक्षरात, सेव्ह.