टाइमशेअरचे पॉइंट की रोख पैसे? क्रूझ ठरवण्यापूर्वीचा हिशेब

टाइमशेअर म्हणजे सुट्टीत रिसॉर्टमध्ये राहण्याचा, एकदाच विकत घेतलेला अनेक वर्षांचा हक्क; तो विकणारे क्लब सभासदाला त्यापोटी दरवर्षी ठरावीक पॉइंट देतात. अमेरिकेत टाइमशेअर घेतलेल्या कुटुंबाला आपले पॉइंट रिसॉर्टमधील खोलीसाठी वापरता येतात, तसेच अनेक क्लबांमध्ये ते क्रूझच्या भाड्यापोटीही देता येतात, आणि विक्रीच्या बैठकीत ही दुसरी सोय विशेष रंगवून सांगितली जाते. सोय खरी आहे, परंतु गेल्या काही वर्षांत ती इतकी महागली आहे की, बहुतेक सभासदांनी पॉइंट खोलीसाठी राखून क्रूझचे पैसे रोख भरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला अपवाद आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

एकच पॉइंट खोलीच्या बाबतीत एका तऱ्हेने वागतो आणि जहाजाच्या बाबतीत दुसऱ्या. १९९१ मध्ये सुरू झालेल्या डिस्ने व्हेकेशन क्लबचे उदाहरण घेऊ. तेथील पॉइंट प्रत्यक्ष इमारतीतील हिश्श्याशी बांधलेले असतात आणि मूळ कागदपत्रांनुसार एखाद्या निवासासाठी वर्षभरात लागणाऱ्या पॉइंटांची एकूण बेरीज क्लबला वाढवता येत नाही. नाताळच्या आठवड्याचे पॉइंट वाढवायचे असतील, तर दुसऱ्या कोणत्या तरी दिवसांचे तेवढेच उतरवावे लागतात. जहाजातील केबिनला असे कोणतेही कुंपण नाही. केबिनचे भाडे डॉलरमध्ये ठरते, क्लब पॉइंटला एक डॉलरमूल्य लावतो, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की मागितले जाणारे पॉइंट निघतात. मार्च २०२० मध्ये थांबलेल्या क्रूझ अमेरिकी बंदरांतून जून २०२१ पासून पुन्हा सुटू लागल्या, त्यानंतर मागणी वाढत गेली आणि भाडीही चढली. भाडे चढले आणि पॉइंटचे मूल्य मात्र जागच्या जागी राहिले, तर त्याच प्रवासाला अधिक पॉइंट मोजावे लागणार, हे उघड आहे. त्याच काळात वार्षिक देखभाल शुल्कही वाढत असल्यामुळे सभासद ही वाढ दोन्हीकडून सोसतो.

आकडे समोर मांडले की फरक नीट दिसतो. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत; वाचकाने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. दोघांच्या सात रात्रींच्या केबिनचे भाडे ४,००० डॉलर आहे आणि क्लब त्यासाठी ४०० पॉइंट मागतो, असे धरू. म्हणजे पॉइंटला १० डॉलर मिळाले. देखभाल शुल्क पॉइंटमागे ९ डॉलर असेल, तर ३,६०० डॉलर झाले आणि वरवर पाहता ४०० डॉलर वाचले. मात्र हेच पॉइंट १६० डॉलर दराने विकत घेतलेले असतील आणि कराराची मुदत ४० वर्षांची असेल, तर खरेदीचे दरवर्षी ४ डॉलर आणखी धरावे लागतात. पॉइंट १३ डॉलरला पडतो आणि ४,००० डॉलरची केबिन ५,२०० डॉलरला. अजून सभासद न झालेल्याने हाच आकडा पाहावा. क्लबने बुकिंगमागे वेगळे शुल्क लावले, तर ते यावर आणखी.

जो आधीच सभासद आहे त्याचा हिशेब निराळा आहे, आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. खरेदीचे पैसे गेलेले आहेत आणि शुल्क तर पॉइंट वापरा अथवा न वापरा, भरावेच लागते. म्हणून त्याने विचारायचा प्रश्न एवढाच की, हे ४०० पॉइंट दुसरीकडे काय मिळवून देतील. ते एखाद्या पाहुण्याला भाड्याने देऊन दलाली आणि आयकर वजा जाता पॉइंटमागे १३ डॉलर हाती आले, तर ५,२०० डॉलर मिळतात. त्यांतून क्रूझचे भाडे रोख भरूनही १,२०० डॉलर उरतात. भाड्याने देण्यात कटकट आहे, हे मान्य केलेच पाहिजे: पाहुण्याच्या नावाने आरक्षण करावे लागते, करार करावा लागतो, आणि व्यापारी स्वरूपात पॉइंट भाड्याने देण्यास क्लबांची मनाई असते, त्यामुळे दरवर्षी सगळेच पॉइंट भाड्याने देण्याचा बेत आखू नये. ज्याला ही कटकट नको आहे, त्याने निदान तेवढ्याच पॉइंटांत रिसॉर्टमध्ये किती रात्री मिळतात आणि त्या रात्रींचे रोख भाडे किती होते, हे तरी ताडून पाहावे.

भाड्याखेरीजचा खर्च दोन्ही मार्गांनी साधारण सारखाच येतो, कारण बंदरकर, शासकीय शुल्के आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी बहुधा पॉइंटांतून भागत नाहीत. बक्षिसी मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर माणशी दररोज १५ डॉलरच्या पुढे जाते. बंदरकरही वाढत आहेत. जुलै २०२५ पासून मेक्सिकोने क्रूझ प्रवाशांवर ५ डॉलरचा कर लावला आणि ग्रीसने सँटोरिनी व मिकोनोससाठी ऐन हंगामात २० युरोंचा. तुलना करताना एक सापळा ध्यानात ठेवावा. जाहिरातीत पूर्ण किंमत दाखवण्याबाबतचा कॅलिफोर्नियाचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाल्यापासून मोठ्या क्रूझ कंपन्या जाहिरातीत करांसह किंमत दाखवू लागल्या आहेत. ती किंमत क्लबच्या करविरहित पॉइंटांशेजारी ठेवली, तर पॉइंटांचा सौदा आहे त्यापेक्षा स्वस्त भासतो.

रोख बुकिंगची आणखी एक जमेची बाजू म्हणजे लवचीकता. अंतिम रक्कम भरण्याच्या तारखेपूर्वी भाडे उतरले, तर रोख ग्राहकाला सहसा नव्या भावाने बुकिंग करून घेता येते आणि अनेक एजंट जहाजावर खर्च करण्यासाठी थोडी रक्कमही देतात. पॉइंटांच्या बुकिंगमध्ये हे क्वचितच मिळते, आणि प्रवास रद्द झालाच तर परत येणाऱ्या पॉइंटांवर मुदतीची व वापराची बंधने असू शकतात.

आरसीआय आणि इंटरव्हल इंटरनॅशनल या टाइमशेअरची अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्यांमार्फतही क्रूझ मिळते. तेथे आपला आठवडा (काही टाइमशेअरमध्ये पॉइंटांऐवजी आठवडा मिळतो) किंवा पॉइंट जमा करून भाड्यात सवलत मिळते, उरलेली रक्कम रोखीने द्यावी लागते आणि शुल्क वेगळे. त्याच तारखेच्या, त्याच प्रकारच्या केबिनचे भाडे क्रूझ कंपनीकडे थेट विचारून मगच ती सवलत खरी मानावी.

आता अपवाद. ज्याचे पॉइंट थोड्याच महिन्यांत बुडणार आहेत, पुढील वर्षात टाकण्याची मुदत संपली आहे आणि भाड्याने देण्यासही उशीर झाला आहे, त्याने क्रूझचा मार्ग खुला असेल तर ती बेलाशक घ्यावी. बुडालेल्या पॉइंटापेक्षा १० डॉलर केव्हाही बरे. डिस्नेकडे पॉइंट पुढे टाकण्यासाठी वापरवर्षाचे, म्हणजे सभासदाच्या पॉइंटांच्या बारा महिन्यांचे, पहिले आठ महिनेच मिळतात, हे तेथील सभासदांनी विसरू नये. हाती रोख रक्कम नाही आणि कर्ज काढायचे नाही, अशा वर्षीही पॉइंट वापरणे समजण्यासारखे आहे.

केवळ क्रूझच्या आशेने सभासद होणे मात्र मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही. पुनर्विक्रीत, म्हणजे जुन्या सभासदाकडून, पॉइंट बरेच स्वस्त मिळतात, पण २१ मार्च २०११ पासून पुनर्विक्रीत घेतलेले डिस्नेचे पॉइंट क्रूझसाठी चालत नाहीत. म्हणजे या सोयीसाठी कंपनीकडूनच, तिच्याच भावाने खरेदी करावी लागते. कोणी बैठकीच्या भरात सही करून बसला असेल आणि करार फ्लोरिडातील असेल, तर तो रद्द करण्यासाठी कायद्याने दहा दिवस मिळतात. सूचना लेखी द्यावी लागते, आणि ती कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे करारातच छापलेले असते.