‘रान’ : सासर झालेले माहेर
जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९८५ सालच्या ‘रान’ या चित्रपटाची ओळख बहुधा कृतघ्न मुलांची कथा अशी करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही. पण चित्रपट पुन्हा पाहताना मला ती फार अपुरी वाटली. ‘रान’ या जपानी शब्दाचा अर्थ बेबंदशाही, आणि या बेबंदशाहीचे मूळ मुलांच्या स्वभावापेक्षा बापाच्या तलवारीत आहे.

सोळाव्या शतकातील यादवीत पराक्रम गाजवलेला वृद्ध सरदार हिदेतोरा इचिमोंजी आपली सत्ता थोरल्या तारोच्या हाती सोपवतो आणि तिन्ही मुलांना एकेक किल्ला देतो. एकीचे बळ पटवण्यासाठी तो तीन बाण एकत्र धरून दाखवतो, तेव्हा धाकटा साबुरो ते गुडघ्यावर ठेवून मोडतो. मोरी मोतोनारी या सरदाराच्या आख्यायिकेत न मोडणारे बाण इथे मोडतात, आणि शेक्सपिअरच्या ज्या ‘किंग लिअर’ नाटकावर चित्रपट बेतला आहे, त्यापासूनही तो इथूनच दूर जाऊ लागतो. लिअरच्या तारुण्याबद्दल नाटक फारसे बोलत नाही. हिदेतोराचे तारुण्य मात्र दारोदारी त्याची वाट पाहत उभे आहे. वादळात तो ज्या झोपडीत आश्रय घेतो, तिथे बासरी वाजवणाऱ्या त्सुरुमारूचे डोळे लहानपणी त्यानेच काढवलेले असतात.

मिएको हारादा यांनी साकारलेली थोरली सून काएदे हा माझ्या मते चित्रपटाचा खरा कणा आहे. जो किल्ला तिचे सासर आहे, तोच एके काळी तिचे माहेर होता, आणि ते माहेर हिदेतोरानेच संपवले. ती चालते तेव्हा रेशमाची सळसळ तेवढी ऐकू येते. दीर जिरोच्या गळ्याला खंजीर लावणारी हीच स्त्री थोड्याच वेळाने त्याच्यासमोर रडता रडता हातातला पतंगाचा किडा चिरडते. तिला दुष्ट म्हणून मोकळे होणे मला जमले नाही.

थोरली दोन्ही मुले बापावरच चाल करून येतात, त्या तिसऱ्या किल्ल्यावरील हल्ल्यात किंकाळ्या, घोड्यांच्या टापा, सारे आवाज काढून टाकले आहेत. उरते ते फक्त तोरू ताकेमित्सु यांचे शोकसंगीत. एका गोळीने तारो कोसळतो आणि त्याच क्षणी रणांगणाचा कोलाहल परत येतो. फुजी पर्वताच्या उतारावर उभारलेला हा किल्ला खरोखरच जाळण्यात आला, आणि त्यातून मुखवट्यासारख्या चेहऱ्याने पायऱ्या उतरणारे, हिदेतोरा साकारणारे तात्सुया नाकादाई विसरता येत नाहीत. एमी वादा यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळाले ते योग्यच. तारोचा पिवळा, जिरोचा लाल आणि साबुरोचा निळा रंग धुमश्चक्रीतही प्रत्येकाची बाजू स्पष्ट ठेवतो.

एक दोष मात्र खटकतो. शेवटाकडे विदूषक क्योआमी आणि निष्ठावंत तांगो देवांविषयी जे बोलतात, ते दृश्यांनी आधीच सांगितलेले असते, त्यामुळे तिथे शब्द जड होतात. १६२ मिनिटांचा हा चित्रपट शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि एकाच बैठकीत पाहावा. दूरवरून टिपलेल्या त्या विस्तीर्ण चौकटींत माणसे किती लहान दिसतात, हे छोट्या पडद्यावर कळत नाही.