लिग्निनच्या नॅनोतंतूंसाठी टेबलावरचे इलेक्ट्रोस्पिनिंग यंत्र

कागद गिरण्यांच्या काळ्या सांडद्रवातून मिळणाऱ्या क्राफ्ट लिग्निनपासून (लाकडाला घट्टपणा देणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरपासून) नॅनोतंतू, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे, काढण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेने घेतलेले हे इलेक्ट्रोस्पिनिंग यंत्र, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणाची धार ताणून तंतू बनवणारे यंत्र, एकंदरीत विश्वासार्ह आहे. निव्वळ लिग्निनच्या द्रावणाचे बहुधा थेंबच उडतात, कारण त्याचे लहान, शाखायुक्त रेणू एकमेकांत पुरेसे गुंतत नाहीत. मात्र डायमिथिलफॉर्मामाइड या द्रावकातील द्रावणात उच्च रेणुभाराचे, म्हणजे लांब साखळ्यांचे, पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर अगदी थोडे मिसळले, की सुमारे १५ किलोव्होल्ट विद्युतदाबाला सुईच्या टोकाशी स्थिर शंकू तयार होतो आणि संग्राहकावर तपकिरी, सलग जाळी साचू लागते. सिरिंज पंपाचा अतिशय मंद प्रवाहही एकसारखा राहतो, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तंतूंची जाडी त्यावरही अवलंबून असते. दार उघडताच विद्युतपुरवठा खंडित होतो, ही सोय उत्तम आहे.

आर्द्रता-नियंत्रणाचा अभाव ही मात्र गंभीर उणीव आहे. पावसाळ्यात तेच द्रावण, तेवढाच विद्युतदाब असूनही जाळीचा पोत बदलतो. शिवाय द्रावकाची वाफ घातक असल्यामुळे, धूर खेचणाऱ्या कपाटाची सोय असल्याशिवाय हे यंत्र मुळीच घेऊ नये. पुढे कार्बन तंतू करायचे असतील, तर तंतू पुढच्या उष्णतेत वितळू नयेत म्हणून ते हवेत मंद गतीने तापवून स्थिर करण्याची भट्टी वेगळी लागेल.